अंगठा हलका ठेवा: दुबईच्या वाळवंटात पहिल्यांदा क्वाड बाइक चालवणाऱ्यांसाठी

नागावच्या किनाऱ्यावर दोनदा एटीव्हीची फेरी मारली होती. त्या जोरावर आपल्याला हे यंत्र चालवता येतं, अशा भ्रमात मी दुबईला गेले. नागावला ओहोटीनंतरची वाळू डांबरी रस्त्यासारखी टणक आणि सपाट असते. शिवाय मागे बसलेला पोरगा दर वळणाला हात पुढे करून हँडल सांभाळतो. खरं तर गाडी तोच चालवत असतो, आपण फोटोपुरते. दुबईच्या वाळवंटात मागे कुणी नसतं. पहिल्याच मोठ्या टेकडीच्या माथ्यावर मी घाबरून थांबले आणि बाइक पोटापर्यंत रुतली. गाइड वळून चालत वर येईपर्यंत मी तिथे, सगळ्यांना दिसेन अशी, एकटीच बसून होते.

माझा मावसभाऊ शारजात राहतो. त्यामुळे पुढे अजून दोनदा जाणं झालं, आणि दर वेळी बरोबर कुणीतरी पहिलटकर होतंच. त्यांना जे तोंडी सांगत आले ते इथे लिहून काढलंय.

आधी नावं

आपण ज्याला एटीव्ही म्हणतो त्याला तिकडे सगळे क्वाड बाइक म्हणतात. चार फुगीर चाकं, मोटरसायकलसारखं हँडल, घोड्यासारखी बैठक. बगी वेगळी. तिला गाडीसारखं स्टिअरिंग, शेजारी शेजारी सीट, पट्टे आणि वरून लोखंडी पिंजरा असतो. बुकिंग करताना हे दोन शब्द सर्रास एकमेकांत मिसळतात, म्हणून फोटो मागवून खात्री करा.

या यंत्राला पूर्वी तीनच चाकं होती. होंडाने १९७० साली तसली गाडी बाजारात आणली. ती इतकी उलटायची की १९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत तीनचाकीची नवी विक्री बंद करावी लागली. चौथं चाक आलं तरी तो स्वभाव पूर्ण गेलेला नाही. गाडी आखूड आणि उंच, त्यात वजन दोन-तीनशे किलो. उलटली तर ती आपल्या अंगावर येते. घाबरवायला सांगत नाही, पण पुढच्या बहुतेक सूचना या एका गोष्टीतून निघतात.

बुकिंग: किती मिनिटं, आणि कुठे?

दुबईतल्या डेझर्ट सफारीच्या पॅकेजवर «क्वाड बाइक समाविष्ट» असं लिहिलेलं असतं. पहिल्या वेळी मी हॉटेलच्या लॉबीतल्या एजंटाकडून तसंच घेतलं. प्रत्यक्षात रस्त्याकडेला दोर बांधून आखलेला एक चौकोन, त्यात पंधरा-वीस बाइक, आणि शिट्टी वाजली की उतरायचं. वीस मिनिटं गोल गोल फिरवलं. त्या गर्दीत एकमेकांवर आदळण्याचीच धास्ती जास्त होती. गाइड कुठे म्हणून विचारलं, तर शिट्टी वाजवणाऱ्याकडे बोट दाखवलं.

खरी गाइडेड टूर म्हणजे पुढे गाइड, त्याच्या मागे रांगेत पाच-सहा बाइक, आणि मोकळ्या वाळवंटात एक तास. दुबईहून हत्त्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शहरापासून पाऊण-एक तासावर, लहबाब आणि अल बदायर हे भाग आहेत. तिथली वाळू तांबूस-लाल असते, कारण कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा थर असतो. बिग रेड नावाची प्रसिद्ध टेकडी याच पट्ट्यात, साधारण शंभर मीटर उंच. पहिल्या वेळी ती लांबून बघा.

व्हॉट्सअ‍ॅपवर बुकिंग करताना एवढं विचाराच: प्रत्यक्ष बाइकवर किती मिनिटं (गाडीतून जाण्यायेण्याचा वेळ धरून नव्हे)? आखलेल्या जागेत की मोकळ्या वाळवंटात? एका गाइडमागे किती बाइक? एका बाइकवर एक की दोन माणसं? हेल्मेट-गॉगलचे पैसे वेगळे का? बाइकचं नुकसान झालं तर हिशेब कसा? यातल्या तिसऱ्या प्रश्नाला जो सरळ आकडा देत नाही, त्याच्याकडे मी जात नाही. एका गाइडमागे सहाच्या वर बाइक असतील, तर शेवटच्याचं काय चाललंय हे त्याला दिसत नाही. रांगेच्या शेवटी दुसरा गाइड असेल तर मात्र हरकत नाही.

इंजिन किती सीसीचं, हा प्रश्न आपले पुरुष सगळ्यात आधी विचारतात. नवख्याला त्याने फारसा फरक पडत नाही. लहान इंजिनाची ऑटोमॅटिक बाइक मागा आणि कुणी हसलं तर हसू द्या.

केव्हा

आपल्याकडच्या शाळांना सुट्टी मे महिन्यात, आणि दुबईचा मे म्हणजे दुपारी पारा चाळिशीला टेकलेला. हेल्मेटच्या आत तो किती होतो विचारू नका. दिवाळीच्या सुट्टीनंतरचे दिवस, नोव्हेंबर ते मार्च, हा तिकडचा खरा हंगाम. मे महिन्यातच जायचं असेल तर पहाटेची वेळ घ्या.

सूर्यास्ताची वेळ सगळ्यांनाच हवी असते, म्हणून ती महाग आणि गर्दीची. मला सकाळ आवडते. रात्रीच्या दवाने वाळू जरा बसलेली असते, त्यामुळे चाक कमी रुततं. तिरप्या उन्हात टेकड्यांच्या कडा आणि खळगे सावल्यांमुळे स्पष्ट दिसतात. भर दुपारी सगळं एकाच रंगाचं, सपाट दिसतं आणि समोर खड्डा आहे हे चाक त्यात गेल्यावर कळतं. हिवाळ्यात कधी कधी पहाटे दाट धुकं पडतं. तेव्हा टूर उशिरा सुटली तर कुरकुर करू नका.

सूर्यास्ताचीच वेळ घेतली असेल तर घड्याळ बघून घ्या. डिसेंबरात तिकडे साडेपाचच्या सुमारास दिवस मावळतो, मे महिन्यात सातच्या. जीप टेकड्यांवरून उडवत नेतात ते ड्यून बॅशिंगही पॅकेजमध्ये असेल, तर क्वाड आधी मागा. बॅशिंगनंतर पोट ढवळलेलं असताना हँडल धरण्यात मजा नाही. दोन तास आधी हलकं खा. हॉटेलच्या बुफेतला तिसरा पराठा राहू द्या.

कोण बसणार, कोण नाही

गरोदर स्त्री, मणक्याचा किंवा मानेचा त्रास असलेली व्यक्ती, नुकतंच ऑपरेशन झालेलं, हृदयविकार असलेलं कुणीही नाही. सॅडलला हादरे बसतात आणि ते थेट कमरेत जातात. आमच्या सासूबाईंनी कॅम्पवर बसून गहवा, म्हणजे तिकडची वेलदोड्याची कॉफी, खजुराबरोबर घेतली. आमच्यापेक्षा त्यांचाच वेळ बरा गेला, असं त्या अजून सांगतात.

मुलांच्या बाबतीत मात्र भिडस्तपणा नको. मोठ्या क्वाडवर इशाऱ्याचं स्टिकर असतं: सोळा वर्षांखालच्यांनी चालवू नये. बहुतेक मॉडेल एकट्या माणसासाठी बनवलेली असतात आणि मागे कुणाला बसवू नका, हेही तिथेच लिहिलेलं असतं. ही पोलिसी छापाची सूचना नाही. वळताना चालकाला अंग आत टाकावं लागतं. मागे पोरगं कमरेला मिठी मारून बसलं, की ते होत नाही. माझ्या तेरा वर्षांच्या मुलाने खूप आदळआपट केली. शेवटी आम्ही बगी घेतली, तो शेजारच्या सीटवर पट्टे लावून बसला. बगीतही बघायचं ते एवढंच, की पाठ सीटला टेकलेली असताना पावलं खाली पुरतात का. पुरत नसतील तर अजून एक-दोन वर्षं थांबा.

अंगावर काय

पूर्ण पँट, पूर्ण बाह्या, घोटा झाकणारे बूट. सँडल घालून आलात तर काही ठिकाणी बसू देतात, पण देऊ नयेत. ओढणी, स्टोल, लोंबता स्कार्फ नाही म्हणजे नाहीच. मागच्या चाकात किंवा अ‍ॅक्सलमध्ये अडकला तर गळाच आवळला जातो. तोंडावर बांधायला तिकडे अरबी रुमाल मिळतो, त्याची टोकं शर्टाच्या आत खोचून घ्या. मंगळसूत्र आत किंवा खोलीवर. वेणी घालून ती कॉलरच्या आत.

हेल्मेट त्यांचंच असतं आणि आधीच्या दहा जणांच्या घामाचं असतं. आतून बांधायला सुती रुमाल घरून न्या. हनुवटीचा पट्टा लावून मान जोरात हलवा. हेल्मेट डोक्यावर हललं तर लहान मापाचं मागा. (पुण्याचे असाल तर हेल्मेटबद्दलची आपली मतं विमानतळावरच ठेवून या.) चष्मा असेल तर वरून बसेल असा मोठा गॉगल मागून घ्या. कॉन्टॅक्ट लेन्स नकोत, वाळूचा एक कण पुरतो.

मोबाइल चेनच्या खिशात, आणि त्याआधी झिपच्या प्लास्टिक पिशवीत. चार्जिंगच्या भोकात गेलेली वाळू हॉटेलवर टूथपिकने काढत बसलेले दोन नातेवाईक मी पाहिलेत.

सही करण्याआधी

कागद पुढे येतो तो बहुधा इंग्रजी किंवा अरबीत असतो, आणि सगळे उभ्या उभ्या सही ठोकतात. नुकसानभरपाईचं कलम तेवढं वाचा. मूळ पासपोर्ट ठेवून देऊ नका, फोटोप्रत द्या. बसायच्या आधी बाइकचे चारही बाजूंनी फोटो काढा, फुटलेलं मडगार्ड आणि ओरखडे दिसतील असे. बाइक देणाऱ्या मुलासमोरच काढा, म्हणजे परतल्यावर वाद होत नाही.

प्रवासाचा विमा काढलेला असतोच, पण त्यातून साहसी खेळ अनेकदा वगळलेले असतात. पॉलिसीत क्वाड किंवा ऑफ-रोड वाहन शोधा. नसेल तर वेगळी भर घालता येते का, हे निघण्याआधी पुण्या-मुंबईतूनच विचारा. वाळूत चालवायला सहसा लायसन्स मागत नाहीत. म्हणून बाइक डांबरी रस्त्यावर आणायची मुभा मिळते असं नाही.

बसलात. आता अंगठा.

या गाडीत ॲक्सिलरेटर मनगटाने पिळायचा नसतो. उजव्या मुठीखाली एक छोटी पट्टी असते, ती अंगठ्याने पुढे ढकलायची. स्कूटरवर हात बसलेल्या आपल्या लोकांची पहिली गडबड इथेच होते. आपण घाबरलो की मूठ आवळतो. मूठ आवळली की अंगठाही दाबला जातो. म्हणजे जितकी भीती तितका वेग! नवख्यांच्या बऱ्याच उड्या आणि धडका या एका गोष्टीतून होतात.

म्हणून सुरुवातीला गाइडला दोन मिनिटं सपाटीवर मागा. चार बोटं हँडलवर, अंगठा पट्टीवर नुसता टेकलेला. हळू ढकला, सोडा. पुन्हा ढकला, सोडा. अंगठा सोडला की मऊ वाळूत बाइक जवळजवळ आपोआप थांबते, ब्रेकची गरजच पडत नाही, हे अंगाला कळू द्या. ते एकदा कळलं की अर्धी भीती जाते. आमचा गाइड पेशावरचा होता. तासभर तो एकच वाक्य ओरडत होता: "बहनजी, अंगूठा ढीला!" तिथे बरेच गाइड पाकिस्तानी, बांगलादेशी किंवा केरळी असतात आणि हिंदी-उर्दूत छान बोलणं होतं. तेव्हा शंका मनात ठेवू नका.

मग लाल स्विच शोधा. तो दाबला की इंजिन बंद. काही बाइकना त्याच स्विचची दोरी असते, ती मनगटाला अडकवायची. तुम्ही पडलात की दोरी सुटते आणि बाइक तिथेच बंद पडते. दोरी असून लोंबत असेल, तर ती अडकवल्याशिवाय निघू नका. कुठला ब्रेक पुढच्या चाकांचा आणि कुठला मागच्या, हे प्रत्येक बाइकवर विचारून घ्या, सगळीकडे सारखं नसतं.

पाय. हा मुद्दा खास ॲक्टिव्हावाल्यांसाठी. तोल गेला की आपण पाय टेकतो, वर्षानुवर्षांची सवय आहे. इथे पाय टेकलात तर मागचं चाक त्याच पायावरून जातं. पावलं फूटरेस्टवरून हलवायची नाहीत, काहीही झालं तरी.

वळणही स्कूटरसारखं नाही. स्कूटर आपल्याबरोबर कलते, क्वाड कलत नाही. साध्या क्वाडची मागची दोन्ही चाकं एकाच अ‍ॅक्सलवर घट्ट बसवलेली असतात आणि एकाच गतीने फिरतात, त्यामुळे तिला सरळच जायचं असतं. वळताना वेग आधी कमी करा, हँडल वळवा आणि आपलं वजन वळणाच्या आतल्या बाजूला टाका. डावीकडे वळायचं तर डाव्या बाजूला बूड सरकवून. पहिल्या दहा मिनिटांत हे विचित्र वाटतं, नंतर अंग स्वतःहून करतं.

टेकडी

वाळूच्या टेकडीला दोन बाजू असतात आणि त्या सारख्या नसतात. वारा येतो ती बाजू लांब, सौम्य उताराची, दहा-पंधरा अंशांची, वर घट्ट थर असलेली. पलीकडची बाजू वाऱ्याने माथ्यावरून ढकललेल्या वाळूची असते. ती तीस-चौतीस अंशांवर, म्हणजे वाळू जेमतेम टिकेल इतक्या चढावर उभी राहते आणि पाय ठेवला तरी घसरते. सौम्य बाजूने वर जाताना पलीकडे काय आहे, हे माथ्यापर्यंत दिसत नाही. तिथे कडा असू शकते, किंवा उतरून थांबलेली दुसरी बाइक. गाइडचे पैसे आपण या एका माहितीसाठी देतो. पलीकडचं त्याला माहीत असतं.

चढताना वेग सपाटीवरच घ्या, चढावर मागाल तर मिळत नाही. पुढे झुका. माथा दोन-तीन हातांवर आला की अंगठा सोडत चला, म्हणजे बाइक माथ्यावर अलगद येते. मग सरळ खाली. मागे सरका, हात सैल, पुढचा ब्रेक अजिबात नको. आधीच पुढे झुकलेली बाइक त्याने नाकावर उलटते. उतरताना मागची बाजू तिरकी व्हायला लागली तर मनाविरुद्ध वागावं लागतं: ब्रेक न दाबता हँडल उताराच्या दिशेने सरळ करा आणि अंगठा किंचित ढकला. बाइक पुन्हा रांगेत येते.

माथ्यावर थांबायचं नाही, आणि उतारावर आडवं चालवायचं नाही. पहिल्याने रुतता, दुसऱ्याने उलटता. मी पहिलं केलं म्हणून इथे लिहायला उरले.

रांग

घाबरट माणसाने गाइडच्या लगेच मागे राहावं. आपल्याकडे घाबरट मागे राहतात आणि हौशी पुढे पळतात. शेवटी मागचा अंतर भरून काढायला वेग घेतो आणि तोच पडतो. गाइडच्या चाकांच्या खुणांवरूनच चालवा. पुढची बाइक माथ्यापलीकडे गेली की गाइड पुढे येण्याची खूण करेपर्यंत चढू नका. एका वेळी एक. शेजारी शेजारी चालवून व्हिडिओ काढण्याचा मोह आवरा. वर केलेला हात म्हणजे थांबा. बाकीच्या खुणा निघताना तोच सांगतो.

झुडपांचे छोटे उंचवटे टाळा. आत बिळं असतात, आणि चाक चढलं की बाइक एका अंगावर कलते. गाफ हा तिकडचा राष्ट्रीय वृक्ष, म्हणजे आपली शमीच. त्याच्या सावलीत उंट बसलेले दिसतात. ते रानटी नसतात, कुणाचे तरी असतात. समोर आले तर थांबा आणि त्यांना जाऊ द्या.

रुतलात तर

अंगठा सोडा. हे सगळ्यात कठीण, कारण मन म्हणतं अजून थोडा रेटा. रेटलं की चाक स्वतःचा खड्डा खणतं. बाइक बंद करा, वरच्या बाजूने उतरा, हात वर करून उभ्या राहा. गाइड येतो, मागचा भाग उचलून बाजूला टाकतो आणि दोन मिनिटांत निघतो. त्याला यात काही विशेष वाटत नाही, दिवसातून दहा वेळा करतो.

कुणी पडलं तर सगळ्यात आधी त्याच्या बाइकचं लाल बटण, मग माणूस. मान दुखतेय म्हणाला तर हेल्मेट ओढून काढू नका, हलवू नका. तिकडे रुग्णवाहिकेचा नंबर ९९८, पोलिसांचा ९९९. वाळवंटात जागा सांगणं अवघड, म्हणून फोन गाइडलाच करू द्या.

परतल्यावर पाणी घोट घोट प्या, ओआरएसची पुडी टाकली तर उत्तम. गाइडला टिप द्यायची असेल तर त्याच्याच हातात द्या. दुसऱ्या दिवशी उजवा अंगठा आणि कोपरापर्यंतचा हात असा दुखतो की चहाचा कप डाव्या हाताने धरावा लागतो. तेव्हा परतीचं विमान त्याच रात्रीचं ठेवू नका.

आणि कपडे घरी आणून वॉशिंग मशीनमध्ये टाकण्याआधी खिसे उलटे करून गच्चीत झटका. बुटांची आतली गादी काढूनच बूट आपटा. आमच्या मशीनच्या फिल्टरमधून गणपतीपर्यंत लाल वाळू निघत होती.